सही झाल्यावर

१

एकाच घराच्या नकाशांची फाईल तिसऱ्यांदा नाहीशी झाली, तेव्हा पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. कंटाळा मात्र सगळ्यांना आला. उपअभियंत्यांनी कपाळाला हात लावला. शिपायानं तीच कपाटं पुन्हा उघडून तेच गठ्ठे पुन्हा खाली काढले, झटकले आणि पुन्हा कोंबले. संध्याकाळपर्यंत खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात नोटीस पडली : निष्काळजीपणाबद्दल आपल्याला निलंबित का करू नये?

या कारकुनाला सगळे सबुरी म्हणत. खिडकीशी येऊन कावणाऱ्या प्रत्येकाला तो "जरा सबुरीनं घ्या" म्हणायचा, त्यावरून पडलेलं नाव. त्यानं नोटीस वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "आता मला कोण सांगणार सबुरीनं घ्यायला?"

चौकशी दक्षता शाखेकडे गेली. दक्षता शाखा म्हणजे तळमजल्यावर जिन्याखालची एक खोली आणि त्या खोलीत बसणाऱ्या चौकशीबाई. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. आपण लिहिलेले अहवाल पुढे कोण वाचतं, हा विचार त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. त्यामुळे त्या अहवाल खरे लिहीत. कुणी वाचणारच नसेल तर खोटं लिहायचे कष्ट कशाला घ्या?

"बाई, सोमवारी अहवाल हवाय," उपअभियंता साहेब फोनवर म्हणाले. "कारकुनाचा हलगर्जीपणा, एवढं लिहिलंत की संपलं."

"मग तुम्हीच लिहा की. मला कशाला वर चढवता?"

"सही तुमची लागते ना."

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता बाईंच्या घशाला कोरड पडली. वरच्या नळाखाली त्यांनी पेला धरला, तर पाणी आलं ते गढूळ.

"आज निदान येतंय तरी," शिपाई म्हणाला. "परवा दुपारपर्यंत थेंब नव्हता. पंप बसला होता. आमच्याकडे पंप आणि साहेब, दोघंही कधी बसतील सांगता येत नाही."

साहेबांनी हकिगत सांगितली. गल्लीतलं एक जुनं बैठं घर पाडून तिथं दोन मजली घर बांधायचं होतं. अर्ज भावाचा, धावपळ बहिणीची. जागेची पाहणी झाली, शेजाऱ्याच्या हरकतीवर सुनावणी झाली, नकाशे तपासले, साहेबांची सही झाली. उरला फक्त शिक्का. शिक्का बसला की नकाशांचा एक संच अर्जदाराला मिळतो आणि बांधकाम सुरू करता येतं. तोवर सगळे संच एकाच फाईलमध्ये असतात.

"आणि संगणकावर?"

"संगणकावर लवकरच सुरू होणार आहे," साहेब म्हणाले. हे ते अशा आवाजात म्हणाले की बाईंनी पुढे विचारलं नाही.

"परवा सकाळी सही केली, फाईल सबुरीच्या टेबलावर गेली. दुपारी शिक्का मारायला बघतो तर फाईल नाही. आता नवीन नकाशे, नवीन अर्ज, पुन्हा सुनावणी. सगळं पहिल्यापासून."

"आधी दोनदा हरवली, ती कधी?"

"तेच तर! तेव्हाही सही करून झाली होती. माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?"

बाई खुर्चीतून उठता उठता थांबल्या.

"तिन्ही वेळा सही झाल्यावर? त्याआधी एकदाही नाही?"

"नाही. हलगर्जीपणा म्हणजे किती तो!"

बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. हलगर्जी माणसाच्या हातून फाईल कधीही हरवते. साहेबांची सही व्हायची वाट बघून तो ती हरवत नाही.

२

सबुरी आपल्या टेबलाशी बसला होता. समोरची खिडकी बंद केलेली, बाहेर रांग तशीच.

"परवा दुपारी तुम्ही कुठं होतात?"

"खाली. मला जेवणाआधी गोळी घ्यावी लागते आणि इमारतीत पाणी नव्हतं. समोरच्या दुकानातून बाटली भरून आणायला गेलो. बाकीचे जेवायला गेले होते. परत आलो, जेवलो, शिक्का काढला, तर फाईल नाही."

"टेबलावर तशीच सोडून गेलात?"

"बाई, या टेबलावर काय काय तसंच पडलंय ते बघा," सबुरी म्हणाला. गठ्ठे त्याच्या हनुवटीपर्यंत आले होते. "यातलं काही न्यायला आजवर कुणी आलं नाही. आलंच तर मी आभार मानेन."

"त्या दिवशी वर कोण कोण आलं होतं?"

"हरकतवाले काका सकाळी येऊन गेले. ते रोज येतात. त्या घराशेजारी राहतात. अर्जदार आले नव्हते, ते महिन्यातून एखाद्या वेळी येतात, गुपचूप उभे राहतात आणि जातात. त्यांची बहीण आली, पण दुसऱ्या दिवशी. पाऊण तास ओरडत होती. तिचं तरी काय चुकलं?"

"सही झाल्याचं कुणाला सांगितलंत?"

"नकाशे काढणाऱ्या बाईंना. फोन केला. त्यांनी तीनदा नकाशे काढलेत, म्हटलं, चांगली बातमी लवकर कळू दे."

साहेबांनी चौकशीबाईंच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं की हा माणूस पैसे खाण्यासाठी फायली दाबतो की काय ते बघा. बाईंनी सबुरीच्या हातांकडे बघितलं, बोटं टेबलाची कड कुरतडत होती. पण तो संशय त्यांना पटत नव्हता. ज्याला खायचं असतं तो सहीच्या आधी फाईल दाबून बसतो. सही झाल्यावर कुणाला कशासाठी अडवणार? आंबट झालेल्या दुधाला भाव लावण्यासारखंच ते.

"घरी सांगितलंत?"

सबुरीनं चष्मा काढला. त्याचे डोळे चष्म्याशिवाय अगदी उघडे दिसत होते.

"बायकोनं नोटीस वाचली. काही बोलली नाही. सकाळी मी आंघोळीहून आलो, तर ती माझ्या शर्टाचे खिसे चाचपत होती. लग्नानंतर पहिल्यांदा. मला बघून म्हणाली, धुवायला टाकायचाय." त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "शर्ट धुतलेलाच होता, बाई."

३

हरकतवाले काका गल्लीच्या तोंडाशीच भेटले. सडपातळ, ताठ, काखेत कागदांची पिशवी.

"तुमच्यावर संशय आहे," बाई सरळच म्हणाल्या. चालून चालून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आडवळणानं बोलायची ताकद नव्हती.

"असणारच!" काकांना आनंदच झाला. "ते घर वर चढलं की माझ्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागेल. माझी हरकत आहे आणि राहील. पण मला सांगा, फाईल पळवून मला काय मिळणार? मला नकार हवाय, नकार! साहेबांच्या हातचा. फाईल हरवली की नकार मिळत नाही, सगळं पुन्हा सुरू होतं. तेच भाषण मी तीनदा केलं. मागच्या सुनावणीत घसा बसला माझा."

"मग फाईल हरवल्यानं कुणाचं भलं होतं?"

काका विचारात पडले. "कुणाचंच नाही. नुसता वेळ जातो."

बाईंनी ते वाक्य मनाशी घोळवलं. नुसता वेळ जातो. चोराला नेमकं तेच हवं असलं तर?

नकाशे काढणाऱ्या बाईंचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. तरुण बाई, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. टेबलावर तेच घर चौथ्यांदा उतरत होतं.

"आता मला हे घर झोपेत काढता येईल," ती म्हणाली. "दार, ओटा, अर्जदारांच्या आईची खोली, त्या आजींच्या खोलीला लागून न्हाणीघर. ते न्हाणीघर झालं नाही तर मला त्या घराचा शाप लागेल असं वाटायला लागलंय."

"सही झाल्याचं तुम्हाला कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"लगेच अर्जदारांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत. 'बरं' म्हणाले आणि ठेवला फोन. मला वाटलं, आता तरी माणूस हसेल. पण थकलेत बहुतेक. सगळेच थकलेत."

"त्यांच्या बहिणीला?"

"नाही, घरात निरोप तेच देतात."

बहीण संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीत आपणहून आली. हातात भाजीची पिशवी, आवाज चढलेला.

"माझी आई अंगणात घसरून पडली, मागच्या थंडीत. न्हाणीघर अंगणापलीकडे. तिला दिसत नाही, बाई! तेव्हा दादानं माझ्यादेखत कबूल केलं की घर पाडून नीट बांधू. वरचा मजला मला, म्हणजे मीही तिच्याजवळ राहीन. दुकान सांभाळून त्याला हेलपाटे जमत नाहीत, म्हणून मी चपला झिजवते. आणि तुमच्याकडे फायलींना पाय फुटतात!"

"तुमच्या दादांचं काय म्हणणं आहे?"

"दादा कधी काही म्हणतो का! परवा रात्री जेवताना विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, सही अजून व्हायचीये. दुसऱ्या दिवशी मी इथं येते तर कळतं, सही झाली आणि फाईलही गेली."

चौकशीबाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"परवा रात्री असं म्हणाले? सही व्हायचीये म्हणून?"

"हो. का?"

नकाशावाल्या बाईंचा फोन तर परवा सकाळीच गेला होता.

४

त्याच संध्याकाळी बाई तिथं गेल्या. घर खरोखरच बुटकं आणि अंधारं होतं. एका खोलीतून दुसरीत जायचं तर एक पायरी खाली, तिसरीत जायचं तर एक पायरी वर. भिंतींना कमरेच्या उंचीवर एक गुळगुळीत पट्टा पडलेला दिसत होता, जणू कुणी रोज तिथंच रंग पुसून काढत होतं. बाई स्टूल ओढून बसल्या, तेवढ्यात आतून आई आली आणि पट्टा कसा पडला ते त्यांना कळलं. म्हातारीचा डावा हात भिंतीवरून सरकत होता. पायरी आली तिथं पाय बरोबर उचलला गेला.

"पालिकेच्या का?" म्हातारी म्हणाली. "पाणी घ्या. आमच्याकडे पाण्याची ददात नाही."

मुलगा मागच्या अंगणातून हात पुसत आला. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, लग्न न केलेला, खांदे पडलेले. हाताच्या रेषांत ग्रीस बसलेलं. त्याच्यामागे अंगणात कापलेले पाईप, एक उघडलेली मोटर, वायरींचा गुंता. भिंतीला टेकवून आखूड-लांब पाईपांची रांग लावलेली.

"काय दुरुस्त करता?"

"मोटरी, पंप. जे येईल ते."

"सही झाल्याचं बहिणीला सांगितलं नाहीत."

"विसरलो," तो म्हणाला. त्यानं नजर चुकवली, पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखी, म्हणजे उशिरा.

बाई उठल्या, तशी तो पुढे झाला. बोलणं अर्धवट सोडून त्यानं त्यांनी ओढलेलं स्टूल उचललं आणि होतं त्याच जागी ठेवलं. पाय फरशीच्या भेगेला टेकले की नाहीत ते वाकून बघितलं. आई पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली, स्टुलाच्या कडेनं सहज वळली. मुलगा तिचं प्रत्येक पाऊल डोळ्यांनी उचलत होता.

बाईंना वाटलं, हा माणूस दिवसभर हेच करत असेल.

त्या परतल्या तेव्हा पालिकेचा पहारेकरी दारातच बसला होता. दमून त्याच्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आपला पंप परवा कुणी दुरुस्त केला हो?"

"आपले दादा. कोपऱ्यावर दुकान आहे त्यांचं. कधीपासून तेच बघतात. मी सकाळी फोन केला होता, म्हणाले, आज जमायचं नाही. मग दुपारी आपणहून आले. भला माणूस."

"पंप तर तळघरात आहे. मग ते वर गेले होते का?"

"जावंच लागतं. पाईपात हवा अडकते, गच्चीवरच्या टाकीपाशी जाऊन काढावी लागते."

गच्चीचा जिना तिसऱ्या मजल्यावरून, परवानगी विभागाच्या दारावरून जात होता.

"तुम्ही बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासता ना?"

"सगळ्यांच्या! साहेबांचीसुद्धा."

"दादांची?"

पहारेकरी हसला. "त्यांच्याकडे पिशवी कुठं असते? हातात पान्हा आणि काखेत पाईपाचा तुकडा."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा त्या घरी गेल्या. मुलगा अंगणात होता. त्यांना बघून त्यानं पान्हा खाली ठेवला आणि उभा राहिला.

"मी बोलते, तुम्ही ऐका," बाई म्हणाल्या. "चुकलं तर सांगा. फाईल नेणाऱ्याला नकार नको होता, नाहीतर हरकत घेऊन मोकळा झाला असता. पैसेही नको होते, नाहीतर सहीच्या आधी फाईल अडली असती. त्याला फक्त वेळ हवा होता. आणि सही झालेली त्याला त्याच दिवशी कळत होती. सही झाल्याचं कुणाकुणाला माहीत होतं? साहेबांना, ते पहिल्यापासून रडतायत. कारकुनाला, त्याची नोकरी चाललीये. नकाशावाल्या बाईंना, त्यांना तेच घर पुन्हा काढावं लागतंय. आणि तुम्हाला. ज्यानं आपल्या बहिणीला सांगितलं नाही."

तो हातांवरचं ग्रीस पुसत राहिला.

"तिसऱ्या मजल्यावर तुम्हाला अर्जदार म्हणून ओळखतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, अर्जदार आलाच नाही. खाली दारावर तुम्हाला पंपवाले दादा म्हणून ओळखतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, दादा आले आणि गेले. दोघंही खरं बोलतात. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, एवढंच."

"पंप मी बिघडवला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तो आपला आपणच बिघडतो. दुरुस्तीला कधी जायचं, तेवढं मी ठरवलं."

बाई पाईपांच्या रांगेशी गेल्या. बाकीचे दोन्हीकडून उघडे होते. एका जाड पाईपाच्या दोन्ही टोकांना चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्यांनी तो उचलला. रिकामा पाईप इतका जड नसतो.

चिंधी ओढली, तशी निळसर नकाशांची गुंडाळी अर्धी बाहेर आली. कोपऱ्यात साहेबांची सही होती. तिच्याखाली शिक्क्याची जागा रिकामी.

"तिन्ही आहेत," तो म्हणाला. "फाडवलं नाही. त्या पोरीनं किती सुरेख काढलंय ते."

"का केलंत?"

तो मोटरीशेजारी खाली बसला.

"मंजुरी आली की घर रिकामं करायचं. बांधून होईपर्यंत भाड्याच्या जागेत, बहिणीनं बघून ठेवलीये, चौथा मजला. तुम्ही काल बघितलंत ना आईला? इथं ती धडपडत नाही. एकदा पडली ती अंगणात, शेवाळावर, ते मी त्याच दिवशी घासून काढलं. या घरात तिला डोळे आहेत, बाई. बाहेर काढलं तर ती आंधळी होईल. खरोखरची. या वयात किती दिवस उरलेत तिचे? म्हटलं, तेवढे जाऊ दे इथं. मग पाडा."

"मग बहिणीला सरळ नाही का म्हणाला नाहीत?"

"तिला नाही म्हणायची सवयच नाही मला. आणि ती म्हणते तेही खोटं नाही."

"तुमच्यापायी एका माणसाची नोकरी चाललीये हे माहीत होतं?"

"काल बहिणीकडून कळलं." त्यानं ग्रीसच्या हातांनी तोंड झाकलं. "रात्रभर डोळा लागला नाही."

"झोप लागली नाही, पण आलाही नाहीत."

बाई पाईप हातात घेऊन उभ्या राहिल्या. खरं म्हणजे त्यांचं काम संपलं होतं. नेहमीप्रमाणे, काम संपल्यावर त्यांना बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"कसल्या रे फायली?"

६

म्हातारी उंबऱ्यावर उभी होती. हात चौकटीवर. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"आई, तू आत जा."

"आत जा, बाहेर ये, हळू, पायरी आहे, स्टूल आहे. दिवसभर हेच ऐकते मी," म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "तीन वेळा तू माझं न्हाणीघर चोरलंस?"

मुलानं खाली ठेवलेला पान्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"इथं मला डोळे आहेत म्हणे. अरे, लग्न होऊन आले तेव्हा मला चांगलं दिसत होतं. तेव्हाही इथं बघण्यासारखं काही नव्हतं. समोर भिंत, मागे भिंत. हे घर मला पाठ झालंय. पाठ झालेलं तेच तेच आयुष्यभर म्हणत बसायचं? माणसाला वीट येत नाही?"

"तू पडशील गं तिथं."

"पडेन. दोनदा पडेन, मग तेही पाठ होईल. पहिल्यांदा दिसेनासं झालं तेव्हा इथंही पडतच होते, तू शाळेत होतास, तुला आठवायचं नाही." तिनं चौकटीवरचा हात काढला. "मी पडेन याची भीती तुला आहे. मला नाही. आणि तुझ्या भीतीला तू माझं नाव दिलंस. एकदा विचारायचंस तरी. एवढ्या भानगडी करायला वेळ होता, मला विचारायला नव्हता?"

मुलगा मान खाली घालून रडायला लागला. म्हातारीनं अंगणात पाऊल टाकलं. तो धडपडत उठला, तशी ती म्हणाली, "बस. मी येते." चार पावलं चाचपडत ती आली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग बाईंच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "याला आता काय शिक्षा?"

"ते माझ्या हातात नाही, आजी. मी फक्त लिहिते."

"मग खरं लिहा. त्या कारकुनाचं काय ते आधी लिहा."

सोमवारी मुलगा स्वतः पाईप काखेत घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. साहेबांनी नकाशे टेबलावर पसरले, सही ओळखली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"छान! 'गठ्ठ्यात सापडली' असं लिहून टाकू. कशाला वाढवा?"

"गठ्ठ्यात सापडली म्हटलं की हरवली कुणी, ते सबुरीच्या नावावर राहतं," बाई म्हणाल्या. "मी जे झालं ते लिहिलंय. सहीसुद्धा केलीये. पुढचं तुम्ही बघा."

पुढचं काही दिवस वर-खाली फिरत राहिलं. मुलाला जबाब द्यावा लागला, दंड झाला, पालिकेच्या पंपाचं काम गेलं. सबुरीची नोटीस त्याच दिवशी मागे घेतली. मुलगा खिडकीशी जाऊन हात जोडून उभा राहिला, तेव्हा सबुरीनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "माफी मला नको. माझ्या बायकोला नको तो संशय आला. तो माझ्या सांगण्यानं जायचा नाही. तुम्ही घरी येऊन तिला सांगा. तोंडानं."

मुलगा गेला. सबुरीच्या घरी चटईवर बसून त्यानं सगळं सांगितलं, पाईपासकट. सबुरीची बायको ऐकत राहिली. शेवटी ती म्हणाली, "आणि आम्ही घरात त्या दिवसापासून एकमेकांशी नीट बोललो नाही, ते कोण भरून देणार?" तो म्हणाला, ते मला देता येणार नाही. मग तिनं त्याला चहा दिला, पण स्वतः समोर बसली नाही.

हरकतवाल्या काकांनी चौथ्यांदा भाषण करायची तयारी केली होती. सुनावणीच नाही म्हटल्यावर ते दोन दिवस उदास होते. सबुरीनं शिक्का उमटवला, वाळेपर्यंत नकाशा स्वतः धरून बसला आणि स्वतःच्या हातानं बहिणीला दिला.

घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी नकाशावाली बाई सगळ्यांना भेटायला आली. गाठोडी बांधलेली, बहीण दोऱ्या आवळतेय, भाऊ कपाटं उचलतोय. चौकशीबाईही आल्या होत्या. कामासाठी नाही, म्हातारीनं बोलावलं होतं म्हणून. म्हातारी म्हणाली, "मला दाखवा तरी काय बांधताय ते."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलानं नकाशा जमिनीवर पसरला, आईचं बोट धरलं आणि रेषेवर टेकवलं.

"हे दार. इथून आत आलीस. पायरी नाही. ही तुझी खोली. सरळ गेलीस की न्हाणीघर, मध्ये काही नाही."

बोट हळूहळू सरकत होतं. कागदावर हाताला काही लागत नव्हतं, तरी ती रेषा सोडत नव्हती.

"खिडकी कुठाय?"

"ही इथं. रस्त्याकडे."

म्हातारीनं बोटानं खिडकी मापली. एकदा, पुन्हा एकदा.

"एवढीशी? लहान आहे. रस्त्यावरची माणसं बोलतात ती नीट ऐकू यायला हवीत. मोठी करा."

नकाशावाल्या बाईनं केसांतली पेन्सिल काढली, नकाशाकडे बघितलं, पेन्सिल पुन्हा खोचली.

"आजी, आता यात खिडकी वाढवायची म्हणजे सुधारित नकाशा. सुधारित नकाशा म्हणजे पुन्हा मंजुरी. अर्ज, तपासणी, काकांची हरकत, साहेबांची सही, सगळं."

बहिणीच्या हातातली दोरी सुटली. चौकशीबाई गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसल्या.

"मग घ्या की," म्हातारी म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"

मुलानं आईकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, उंबऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

"खिडकी बंद व्हायच्या आत पोचलो तर आजचाच नंबर लागेल," तो म्हणाला आणि अर्ज आणायला निघाला.